गोऱ्या रंगाची जन्मपत्रिका

गोरा रंग म्हणजे काहीतरी जुने, अस्सल आणि कुलीन, अशी एक समजूत आपल्या मनात घर करून बसलेली आहे. लग्नाच्या जाहिराती पाहा. मुलीच्या शिक्षणाआधी तिचा रंग येतो. युरोपात तर याच समजुतीवर वंशश्रेष्ठत्वाचे इमले उभे राहिले. तेव्हा या रंगाची जन्मपत्रिका एकदा उलगडून पाहायला काय हरकत आहे?

१८५६ साली जर्मनीत, ड्युसेलडॉर्फजवळच्या निआंडर खोऱ्यात चुनखडीच्या खाणीत मजुरांना काही हाडे सापडली. अस्वलाची असतील, असे आधी वाटले. योहान फुलरोट नावाच्या शाळामास्तरांनी मात्र ती माणसाची असल्याचे ओळखले. पण माणूस आपल्यापेक्षा वेगळा! हाच निआंडरथल मानव. युरोपात आणि पश्चिम आशियात लाखो वर्षे नांदून तो सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला.

नाहीसा झाला खरा, पण निर्वंश नव्हे. २०१० साली स्वांते पेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या हाडांतील जनुकांचा आराखडा वाचला, तेव्हा कळले की आफ्रिकेबाहेरच्या माणसांत एक ते दोन टक्के वारसा या निआंडरथलांचा आहे. तुमच्या-आमच्यातही आहे, बरं का! पेबो यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मग कुणालाही वाटेल, थंड मुलखातल्या या पूर्वजानेच युरोपियनांना गोरेपणा दिला असणार. तर्क सरळ आहे, पण पुरावा उलट बोलतो. त्वचेशी संबंधित काही जनुके निआंडरथलांकडून आली हे खरे. पण त्यांतली काही रंग उजळ करतात, तर काही गडद. गोरेपणाचा मुख्य वाटा त्यांचा नाही.

इंग्लंडात चेडर येथील गुहेत १९०३ साली एक सांगाडा मिळाला. हा माणूस सुमारे १० हजार वर्षांपूर्वीचा. २०१८ साली त्याच्या जनुकांचा जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यानुसार त्याची कातडी बहुधा काळीसावळी होती आणि डोळे निळसर! स्पेनमध्ये सापडलेला ७ हजार वर्षांपूर्वीचा एक शिकारीही असाच निघाला. म्हणजे निआंडरथल जाऊन तीस हजार वर्षे लोटली, तरी पश्चिम युरोपातली माणसे सावळीच होती.

मग गोरेपणा आला कुठून? उत्तर आहे उन्हात आणि ताटात. कातडीतले मेलॅनिन हे द्रव्य म्हणजे निसर्गाने दिलेली छत्री. कडक उन्हात ती हवीच. पण 'ड' जीवनसत्त्व तयार व्हायला थोडे ऊन आत शिरावे लागते. उत्तरेकडचे ऊन तिरपे आणि दुबळे. शिकाऱ्याला हे जीवनसत्त्व माशांतून मिळे, धान्य खाणाऱ्याला ते मिळेना. तिथे उजळ कातडी उपयोगी पडली, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. सुमारे ८ हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानच्या बाजूने शेतकरी युरोपात शिरले. त्यांच्याबरोबर उजळपणाचे एक महत्त्वाचे जनुकही आले आणि पुढे फैलावले.

आता आपल्याकडे वळू. याच जनुकाचे उजळ रूप भारतातही पुष्कळांत आढळते. हैदराबादच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१३ सालच्या संशोधनात दिसले की युरोपातले आणि आपल्याकडचे रूप मुळात एकच आहे. ते एका भावंडाच्या वाट्याला येते, दुसऱ्याच्या येत नाही. म्हणून एकाच आईची दोन लेकरे, एक उजळ तर एक सावळे. त्यांतले कुलीन कोणते म्हणायचे?

रंगावरून आपल्या पूर्वजांनी कोणते ऊन सोसले आणि काय खाल्ले, याचा थोडाफार अंदाज येतो. कुळ त्यावरून कळत नाही, आणि गुण तर नाहीच नाही. पुढच्या वेळी मुलगी पाहायला जाल, तेव्हा एवढे ध्यानात ठेवा.