स्वयंचलित नेटवर्क-व्यवस्थापन : मशीन लर्निंग कार्यांचा समन्वय

मोबाइल नेटवर्कच्या सेटिंग आपोआप बदलणाऱ्या अनेक मशीन लर्निंग प्रणाली एकाच वेळी चालू असताना त्यांचे निर्णय एकमेकांना मारक ठरू नयेत, यासाठी केलेली व्यवस्था म्हणजे समन्वय. यातली प्रत्येक प्रणाली एकाच कामाला वाहिलेली असते. एक सेलवरचा भार शेजारच्या सेलकडे वळवते, दुसरी प्रवासातले कॉल तुटू देत नाही, तिसरी अँटेनाचा टिल्ट बदलून कव्हरेज राखते, चौथी रात्री रिकामे पडलेले सेल बंद करून वीज वाचवते. या नोंदीत त्यांना ‘कार्ये’ म्हटले आहे.

स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या संगणकप्रणालींची कल्पना आयबीएमच्या पॉल हॉर्न यांनी २००१ मध्ये मांडली. मोबाइल क्षेत्रात ती ‘सेल्फ-ऑर्गनायझिंग नेटवर्क’ या नावाने आली. थ्रीजीपीपी या मानकसंस्थेने एलटीई या चौथ्या पिढीच्या तंत्राच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे रिलीज ८ मध्ये, तिचा समावेश केला. भारवाटप आणि हँडओव्हर-सुधारणा (हँडओव्हर म्हणजे चालू फोन एका सेलकडून दुसऱ्याकडे सोपवणे) ही कार्ये रिलीज ९ मध्ये आली. कार्ये वाढताच त्यांच्यातले तंटेही पुढे आले. २००८ ते २०१० या काळात चाललेल्या ‘सॉक्रेटिस’ या युरोपीय प्रकल्पाने समन्वय हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय म्हणून हाताळला.

तंटा कसा उभा राहतो, हे दोन शेजारी सेलांवरून स्पष्ट होते. समजा, ‘क’ सेलवर गर्दी आहे आणि ‘ख’ मोकळा आहे. ‘ख’चा सिग्नल ‘क’पेक्षा ३ डेसिबलने सरस ठरला आणि ३२० मिलिसेकंद तसाच राहिला, की फोन ‘ख’कडे जावा, असे ठरलेले आहे. भारवाटपाचे कार्य ही अट सैल करते. ‘ख’ ३ डेसिबलने कमजोर असला तरी फोन तिकडे ढकलले जातात. ‘क’वरची गर्दी ओसरते. पण चालत्या गाडीतला फोन कमजोर ‘ख’वर जाताच संपर्क तुटतो आणि तो पुन्हा ‘क’ला जोडला जातो. हँडओव्हरचे कार्य अशा घटनेची नोंद ‘घाईने झालेला हँडओव्हर’ अशी करते आणि अट पुन्हा कडक करते. ‘क’वर पुन्हा गर्दी होते, आणि हे चक्र चालूच राहते. दोन्ही कार्ये आपापल्या जागी बरोबर असतात.

हा संघर्षाचा थेट प्रकार झाला, कारण दोघांचाही हात एकाच सेटिंगवर आहे. अप्रत्यक्ष प्रकारात सेटिंग वेगळ्या असतात, पण परिणाम एकाच ठिकाणी होतो. टिल्ट बदलला तरी सेलची हद्द सरकते आणि हँडओव्हरची अट बदलली तरीही सरकते. तिसऱ्या, सुप्त प्रकारात असा उघड संबंध दिसत नाही आणि एकाचा फायदा दुसऱ्याच्या मोजमापात तोटा म्हणून उमटतो. हे वर्गीकरण ओ-रॅन अलायन्स या २०१८ मध्ये स्थापन झालेल्या, खुल्या रेडिओ-नेटवर्कची मानके ठरवणाऱ्या संघटनेच्या चौकटीत वापरले जाते.

सुरुवातीची कार्ये लिखित नियमांवर चालत. त्यामुळे अभियंत्यांना ते नियम वाचून प्राधान्यक्रम लावता येई: अमुक कार्याने सेटिंग बदलली की ठरावीक काळ ती इतरांसाठी बंद. मशीन लर्निंगमध्ये वाचण्याजोगा नियमच उरत नाही. शिवाय अडचण काळाचीही आहे. नेटवर्कची मोजमापे बहुधा १५ मिनिटांच्या टप्प्यांनी गोळा होतात. त्या अवधीत दोन कार्यांनी बदल केले, तर सुधारणेचे श्रेय कोणाचे हे कळत नाही आणि एक कार्य दुसऱ्याच्या करणीवरून चुकीचा धडा शिकते. म्हणूनच निव्वळ कुलूप लावणारा समन्वय अपुरा पडतो. तो शिकण्याच्या टप्प्यातही हवा.

सगळी कामे एकाच मोठ्या प्रणालीकडे सोपवण्याचा मार्ग दिसतो सोपा, पण पर्यायांची संख्या आवाक्याबाहेर जाते. एका सेलच्या ५ सेटिंगना प्रत्येकी १० मूल्ये धरली, तर १ लाख जुळण्या होतात. दोन सेल एकत्र घेतले की १,००० कोटी. म्हणून कार्ये वेगळी ठेवून मधे समन्वयक नेमणे अधिक व्यवहार्य ठरते. प्रत्येक कार्य आपले अंतरंग उघड न करता, कोणत्या मूल्याने किती लाभ होईल एवढेच त्याला कळवते.

या लाभांची निव्वळ बेरीज करणे मात्र घातक ठरू शकते. एका मूल्यावर दोन कार्यांना ९ आणि १ गुण, दुसऱ्यावर ५ आणि ४ गुण मिळत असतील, तर बेरीज पहिल्याच्या बाजूने जाते आणि एक कार्य जवळपास उपाशी राहते. जॉन नॅश यांनी १९५० मध्ये वाटाघाटीसाठी मांडलेल्या पद्धतीत लाभांचा गुणाकार पाहतात: ९ विरुद्ध २०, म्हणून दुसरे मूल्य. एखाद्या कार्याची मोजपट्टी दसपट मोठी असली तरी निवड बदलत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. वेगवेगळ्या कंपन्यांची कार्ये एकत्र नांदवताना तो फार उपयोगी पडतो.

ओ-रॅनच्या रचनेत समन्वय दोन वेगांवर करावा लागतो. १० मिलिसेकंद ते १ सेकंद या वेगाच्या नियंत्रकावर ‘एक्सॲप’च्या रूपातली कार्ये चालतात, त्याहून संथ नियंत्रकावर ‘आरॲप’च्या रूपातली. थेट संघर्ष बदल अमलात येण्यापूर्वीच अडवता येतो. अप्रत्यक्ष संघर्षात बदलानंतरची मोजमापे तपासून गरज पडल्यास पूर्वीची सेटिंग परत आणतात. सुप्त संघर्ष सर्वांत चिवट असतो. त्याचा माग काढायचा तर दीर्घकाळच्या नोंदींतून कोणत्या बदलामागून कोणते मोजमाप घसरले, हे शोधावे लागते.