कपाळ आणि 'तेत'

पुण्यातील अनेक शाळांत आठवीच्या उंबरठ्यावर संस्कृत की फ्रेंच, हा प्रश्न घरोघरी चर्चिला जातो. फ्रेंच घेणाऱ्याच्या वाट्याला लवकरच अवयवांची यादी येते आणि ती बहुधा इंग्रजी अर्थांसह पाठ होते. हा वळसा आम्हांला अनाठायी वाटतो.

हात धुण्याचेच वाक्य घ्या. इंग्रजीला तेथे 'माझे' हात म्हणावे लागतात; फ्रेंचला आणि मराठीला नुसते 'हात' पुरतात. निर्जीव वस्तूलाही लिंग असते, हे मराठी मुलाला नव्याने शिकवावे लागत नाही. हात फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आणि नाक पुल्लिंगी, एवढेच काय ते ध्यानात ठेवायचे.

संस्कृतची सोबत तर याहून जवळची. दंत आणि 'दाँ', जानु आणि 'झनू', पद आणि 'प्ये', नासा आणि 'ने' हे शब्द एकाच मुळातून फुटलेले आहेत. संस्कृतचे ग्रीक-लॅटिनशी असलेले साम्य पाँडिचेरीचे फ्रेंच जेझुइट केर्दू यांनी १७६७ मध्ये पॅरिसच्या विद्वत्सभेला कळवले होते. ते लेखन छापले गेले १८०८ मध्ये. तोवर विल्यम जोन्स यांच्या १७८६ च्या व्याख्यानाने श्रेय नेले होते.

जेथे मूळ एक नाही, तेथेही विचार एक दिसतो. डोक्याचा 'तेत' हा शब्द लॅटिन 'तेस्ता'पासून आला. त्याचा अर्थ मातीचे भांडे, खापर. आमचे कपाळ ज्या 'कपाल'पासून आले, त्याचाही एक अर्थ खापरच.

हे नाते पुण्याला अपरिचित नव्हते. झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला. हस्ताचा हात आणि कर्णाचा कान ज्या ध्वनिनियमांनी झाला, त्यांची ती शास्त्रशुद्ध मांडणी. वा. गो. परांजपे यांनी तो 'मराठी भाषेचा विकास' या नावाने मराठीत आणला आणि १९४१ मध्ये पुण्यात तो प्रसिद्ध झाला. इंग्रजी भाषांतर निघाले १९७० मध्ये. म्हणजे आपल्याच भाषेचा इतिहास वाचण्यासाठी मराठी वाचकाला त्या वेळी इंग्रजीची वाट पाहावी लागली नाही. कुणीतरी फ्रेंच शिकले होते, आणि ते संस्कृत सोडून नव्हे.

वेळापत्रकाने या दोन भाषांना एकमेकींचा पर्याय ठरवले आहे. त्या एकमेकींच्या साक्षीदार आहेत, हे सांगायला अवयवांचा तो पहिला पाठही पुरेसा आहे.