माज, गोमाशी आणि पुरुषाची चरबी

गाय ‘माजावर आली’ असं गोठ्यात म्हणतात. हा माज मद् धातूच्या कुळातला. उन्माद, मदमस्त, मद्य ही त्याची भावंडं. ग्रीकांनी हीच अवस्था गोमाशीवरून ओळखली. ऑइस्ट्रोस म्हणजे गोमाशी. ती डसली की जनावर शेपूट उभारून सैरावैरा धावतं. पुढे त्या शब्दाला वेडाचा आणि मग मादीच्या माजाचा अर्थ चिकटला, आणि माज आणणारं द्रव्य ते इस्ट्रोजेन ठरलं.

टेस्टोस्टेरोन हे नाव मात्र ठरवून जुळवलेलं. १९३५ साली ॲम्स्टरडॅमला एर्न्स्ट लाकेर यांच्या गटाने बैलांच्या वृषणांतून ते वेगळं केलं. टेस्टिस, स्टेरॉल आणि कीटोन यांचे तुकडे जोडून नाव झालं. आपल्या ‘वृषण’मध्येही वृष, म्हणजे बैल, दिसतोच!

या नावांनी बायकांचं एक आणि पुरुषांचं एक अशी वाटणी करून टाकली. ती टिकली याचं मला नवल वाटतं, कारण १९३४ सालीच बर्नहार्ड झोंडेक यांना न खच्ची केलेल्या घोड्याच्या मुतात भरपूर इस्ट्रोजेन सापडलं होतं. पुरुषाच्या शरीरात ॲरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरोनचंच इस्ट्राडायोल बनवतं, आणि हे काम चरबीतही चालतं.

‘संप्रेरक’ हा शब्द मला म्हणूनच आवडतो. तो फक्त प्रेरणा देणारा आहे, नर की मादी हे सांगत नाही. ‘चयापचय’ही तसाच नेमका. चि म्हणजे रचणं, गोळा करणं. संचय त्यातूनच आला. चय म्हणजे बांधणी आणि अपचय म्हणजे मोडणी.

बांधतं कोण, आवरतं कोण, हे २०१३ साली बॉस्टनमधून प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. २० ते ५० वयाच्या निरोगी पुरुषांची स्वतःची लैंगिक संप्रेरकं औषधाने थांबवली आणि टेस्टोस्टेरोनचं जेल कमी-जास्त मात्रेत रोज लावायला दिलं. निम्म्या जणांना शिवाय ॲरोमाटेज रोखणारी गोळी दिली, म्हणजे इस्ट्रोजेन बनणं जवळपास बंद. सोळा आठवड्यांनी पाहिलं, तर स्नायूंचा आकार आणि ताकद टेस्टोस्टेरोनच्या कमतरतेने घटत होती. चरबी वाढत होती ती मुख्यतः इस्ट्रोजेनच्या तुटवड्यामुळे. पुरुषाच्या पोटावरची चरबी आवरण्याचं श्रेय इतकी वर्षं टेस्टोस्टेरोनच्या खात्यावर जमा होत होतं. त्यातला मोठा वाटा गोमाशीचं नाव मिरवणाऱ्या संप्रेरकाचा निघाला.