दाहाच्या कळीची कुळकथा

सिकलसेल आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि म्हणून असह्य वेदना होतात, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हे खरे असले तरी अपुरे आहे, कारण पेशी नुसत्या अडकत नाहीत, तर वाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटतात आणि ते अस्तर चिकट होते ते दाहामुळे. मध्य भारतातील सिकलसेल-वाहकांविषयीचा शुक्ला आणि सोळंकी यांचा निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. नागपूर आणि विदर्भाला तेव्हापासून परिचित असलेल्या या आजाराचा दाहाशी असलेला संबंध मात्र पुष्कळ उशिरा उलगडला, आणि तो उलगडण्यासाठी एका वेगळ्याच शोधाची वाट पाहावी लागली.

१९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर हे अमेरिकेत प्रतिपिंडांच्या, म्हणजे जंतूंना ओळखणाऱ्या प्रथिनांच्या, जनुकांचा अभ्यास करत होते. या प्रतिपिंडांच्या ‘कॅपा’ नावाच्या साखळीचे जनुक प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींतच कार्यरत का होते, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी त्या जनुकाच्या नियामक भागाचा किरणोत्सारी तुकडा पेशीकेंद्रातील अर्कात मिसळून जेलमधून विजेच्या प्रवाहाने पुढे सरकवला. ज्या तुकड्याला प्रथिन चिकटले तो मागे रेंगाळला आणि जेलवर वेगळा पट्टा उमटला. त्या प्रथिनाला एनएफ-कॅपा-बी हे नाव मिळाले आणि ते बी-पेशींपुरतेच वाटले. परंतु त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात त्यांनी दाखवले, की जिवाणूंच्या आवरणातील द्रव्य किंवा अन्य उत्तेजक दिल्यास ते इतर पेशींतही प्रकट होते, आणि नवीन प्रथिने तयार होण्याची क्रिया औषधाने थांबवली तरीही प्रकट होते. याचा अर्थ असा, की ते पेशीत आधीपासूनच तयार असते. फक्त निद्रिस्त असते.

त्याला निद्रिस्त ठेवणारे प्रथिन १९८८ मध्ये बॉयर्ले आणि बाल्टिमोर यांना सापडले. आय-कॅपा-बी नावाचे हे प्रथिन त्याला केंद्राबाहेर, पेशीद्रवात रोखून धरते. दाहाचा संकेत पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकावर येऊन पोहोचला, की एक विकर या पहारेकऱ्यावर फॉस्फेटची खूण करते, खूण झालेले प्रथिन पेशीच्या विघटनयंत्रणेत नष्ट होते आणि मोकळे झालेले एनएफ-कॅपा-बी काही मिनिटांतच केंद्रात शिरून दाहाची जनुके चालू करते. त्या जनुकांत आय-कॅपा-बीचे जनुकही असल्याने नवा पहारेकरी तयार होतो आणि दाहाची ही कळ, म्हणजे एनएफ-कॅपा-बी, बंद करतो. ती बंद झाली नाही, तर दाह रेंगाळतो. एनएफ-कॅपा-बीचे जनुक १९९० मध्ये हाती आले, तेव्हा पक्ष्यांत कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी आणि फळमाशीच्या भ्रूणाची पाठ-पोट ठरवणाऱ्या ‘डॉर्सल’ जनुकाशी त्याचे नाते उघड झाले. बी-पेशींपुरती वाटलेली ही कळ एका अतिप्राचीन कुळातली निघाली.

या कळीचा सिकलसेलशी संबंध असा जुळतो. नाजूक तांबड्या पेशी फुटल्या, की त्यांतील हीम हा लोहयुक्त घटक रक्तात सुटतो. जिवाणूंच्या आवरणातील द्रव्य ओळखणाऱ्या टीएलआर-४ या ग्राहकालाच हा घटक चेतवतो आणि त्यातून अस्तराच्या पेशींतील एनएफ-कॅपा-बी जागे होते, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उंदीर आणि अस्तरपेशींवरील प्रयोगांनी दाखवले. त्यानंतर अस्तरावर चिकटविणारे रेणू वाढतात, पेशी अडकतात आणि वेदनेचा झटका येतो.

जंतुसंसर्गही हीच कळ दाबतो. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाचा ताप साधा समजून अंगावर काढू नये. लसी वेळेवर द्याव्यात, पाणी भरपूर पाजावे, डॉक्टरांनी सांगितलेले हायड्रॉक्सीयुरिया हे औषध मनाने बंद करू नये, आणि ताप येताच दवाखाना गाठावा.