मागच्या रांगेतली बुढी

तळेगावच्या (श्यामजी पंत) आमच्या घरात बैठकीच्या भिंतीवर एक जुना ग्रुप फोटो आहे. 1978 सालचा, माझ्या आत्याच्या लग्नाचा, ब्लॅक अँड व्हाइट. खुर्च्यांवर नवरा-नवरी आणि व्याही, मागे बाकांवर उभ्या असलेल्या बाया, खाली सतरंजीवर पोरं. लहानपणी मला त्यात काही विशेष वाटत नसे. त्या फोटोचं मोल कळायला मला आधी मोवाडची गोष्ट कळावी लागली.

मोवाड नागपूर जिल्ह्यातल्या नरखेड तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर आहे. 1867 पासून नगरपालिका असलेलं हे जुनं गाव. नदी मुलताईच्या बाजूला उगम पावते, मोवाडवरून आमच्याकडे येते. तळेगावहून अमरावतीकडे निघालं की जो पूल लागतो, तो हिचाच. 30 जुलै 1991 ला मुसळधार पावसाने ही नदी मोवाडमध्ये शिरली. 204 माणसं गेली. घरं तर किती गेली याला हिशेब नाही. पुढे गावाचं पुनर्वसन झालं. आजही दर 30 जुलैला तिथे श्रद्धांजली वाहिली जाते.

आत्या त्याच गावात दिलेली होती. ती, तिचे यजमान आणि पोरं वाचली. सासू वाचली नाही.

पूर ओसरल्यावर पंचनामे होतात. भिंत किती पडली, गुरं किती वाहिली, धान्य किती नासलं, हे लिहून घेतात. फोटो किती गेले, हे कोणी विचारत नाही. तेव्हा फोटो म्हणजे कागदावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात चित्र. पाण्यात जिलेटिन फुगतं, मऊ होतं. फ्रेममधला फोटो काचेला चिकटतो आणि तसाच वाळला, तर काच काढताना चेहरा काचेवरच राहतो. ओला असतानाच स्वच्छ गार पाण्यात अलगद सोडवून, सावलीत वाळवला तर काही वाचतो. पण पोरांना रात्री कुठे निजवायचं हा प्रश्न असताना हे कोणाला सुचणार? आत्याच्या घरातला एकही फोटो उरला नाही.

आपत्ती आणि कॅमेरा यांचं नातं तसं जुनं आहे. 1876 ते 78 च्या मोठ्या दुष्काळात मद्रास इलाख्यात हूपर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीत बसवून फोटो काढले. ते फोटो आजही छापले जातात, पण त्यातल्या माणसांची नावं आपल्याला माहीत नाहीत. बातमीतला फोटो जगाला सांगतो की काय घडलं, आणि त्याची गरज असतेच. पण ज्याचं माणूस गेलं त्याला चिखल पाहायचा नसतो, तो त्याने पाहिलेला असतो. त्याला चिखलाआधीचा चेहरा हवा असतो.

त्या वर्षी आत्या भाऊबीजेला माहेरी आली. ओवाळून झाल्यावर ती भिंतीपाशी गेली आणि तिथेच उभी राहिली. मग बाबांना हाक मारून म्हणाली, "हे पाय, बुढी हाये ना मांगं!" मागच्या रांगेत, डोईवर पदर घेतलेली, जराशी तिरपी उभी असलेली तिची सासू. तेरा वर्षं ती आमच्या भिंतीवर होती आणि कोणाच्या लक्षात नव्हतं.

बाबांनी फ्रेम पेपरात गुंडाळून आर्वीला एका स्टुडिओत नेली. निगेटिव्ह नव्हतीच. फोटोग्राफरने फोटोचाच फोटो काढला, त्यातला नखाएवढा चेहरा मोठा केला आणि बारीक ब्रशने रंग भरून पदराची कड नीट केली. मोठं केल्यामुळे डोळे धूसर झाले. आत्या म्हणे, "असू द्या, थे अशीच पायत होती." हार घालायला घरात काहीतरी आलं. तोवर तिच्या घरात नुसती भिंत होती.

11 मार्च 2011 ला जपानमध्ये त्सुनामी आली. त्यानंतर यामामोतो या किनाऱ्यावरच्या गावात स्वयंसेवकांनी चिखलातून काढलेले सुमारे साडेसात लाख फोटो धुतले, स्कॅन केले आणि माणसं शोधून त्यातले बरेच परत दिले. फुजीफिल्म कंपनीनेही फोटो वाचवण्याची मोहीम काढली. हे वाचलं तेव्हा मला आमची भिंत आठवली. मोवाडला अशी मोहीम कुठली? पण तिची जागा नातेवाइकांनी भरून काढली होती. लग्नाच्या फोटोची एक प्रत माहेरी, एक सासरी, एक मामाकडे अशी वाटण्याची रीत होती. एक घर बुडालं तरी चेहरा दुसऱ्या गावात कोरडा राहिला.

माझ्या फोनमध्ये आज हजारो फोटो आहेत, तुमच्याही असतील. त्यातला एकही आमच्या घराबाहेर कागदावर नव्हता. फोन हरवला किंवा पासवर्ड विसरला तर आपल्या घरातही पूर येऊ शकतो, फक्त त्यात पाणी नसतं. मागच्या दिवाळीत मी आईबाबांच्या चार फोटोंच्या प्रिंट काढल्या आणि तीन घरी देऊन आलो. सगळे हसले. पण फोटो ठेवून घेतले.

आत्याकडचा तो मोठा केलेला फोटो मी परवा पुन्हा नीट पाहिला. सासूच्या खांद्यावर कोणाचा तरी बांगड्या भरलेला हात आहे. फोटोग्राफर तो रंगवून पुसणार होता, आत्याने पुसू दिला नाही. तो हात माझ्या आजीचा आहे.