दोष कोठें शिरला?



आमचा जालना जिल्हा बियाण्यांबद्दल प्रसिद्ध आहे. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि पुढें संकरित कपाशीचें बीं तयार करणें हा या भागांतील अनेक शेतकऱ्यांचा व्यवसाय झाला. अशा शेताभोंवतीं ठराविक अंतराच्या आंत कपाशीची दुसरी जात लावूं देत नाहींत. कारण परक्या फुलांतील पराग मधमाशीच्या अंगाला चिकटून आला, कीं बियांत भेसळ झालीच म्हणून समजावें. भेसळ झालीच, तर जाणता शेतकरी पराग कोणत्या बाजूनें आला हें प्रथम पाहतो. शेजाऱ्याशीं भांडण मागाहून. हा क्रम साधा वाटतो. परंतु तो उलटा झाला म्हणजे केवढा अन्याय घडतो, याची एक जुनी गोष्ट आज आपणांस सांगावयाची आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग उद्भवला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं तो ओळखला. सरकारनें वाल्डेमार हाफकिन या ओडेसा येथें जन्मलेल्या शास्त्रज्ञास मुंबईस पाठविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांत लहानशा जागेंत त्यांनीं प्लेगचे जंतु वाढविले, ते उष्णतेनें मारले, आणि त्यांची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यामागील तत्त्व असें, कीं मेलेल्या जंतूंवरून शरीरास शत्रूची ओळख पटते. पुढें जिवंत जंतु आले, तर तें त्यांस ओळखून प्रतिकार करतें. १८९९ सालीं परळच्या जुन्या राजभवनांत त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली आणि तेथून लस देशभर जाऊं लागली.

पुढें ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल या गांवीं १०७ जणांस ही लस टोचण्यांत आली. कांहीं दिवसांनीं त्यांपैकीं १९ जणांस धनुर्वात झाला, आणि ते सर्व दगावले. त्या एकोणीसही जणांस ५३-एन या क्रमांकाच्या एकाच बाटलींतील लस दिलेली होती. चौकशी झाली. लस निर्जंतुक करण्याच्या रीतींत हाफकिन यांनीं बदल केला होता. तेवढ्यावरून दोष परळच्या प्रयोगशाळेवर लादला गेला, आणि ज्या मनुष्यानें प्रथम स्वतःच्या देहावर प्रयोग केला त्यास अधिकारावरून दूर व्हावें लागलें.

वस्तुतः पुरावा गांवांतच होता. बाटलीचें बूच काढण्याचा चिमटा तेथें जमिनीवर पडला होता, आणि तो पुरेसा शुद्ध न करतां पुन्हां वापरण्यांत आला होता. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात, हें तर शास्त्रास ठाऊकच होतें. शिवाय ते जंतु बंद बाटलींत दीर्घ काळ वाढले असते, तर ती उघडतांच दुर्गंधि सुटली असती. तशी ती सुटली नव्हती. अर्थात् विष परळांत शिरलें नव्हतें. तें बूच निघतांना शिरलें. अखेर १९०७ च्या जुलैंत सर रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांतून हें जगापुढें मांडलें, आणि हाफकिन यांच्या नांवावरील डाग पुसला गेला. १९२५ सालीं परळच्या त्या संस्थेस त्यांचेंच नांव देण्यांत आलें.

आतां आजच्या काळाकडे वळूं. जंतु आणि विषाणु हे दोन शब्द आपण एकाच अर्थानें वापरतों, पण त्यांत भेद आहे. जंतु ही पुरी पेशी. ती स्वतः अन्न घेते आणि दुभंगून वाढते. विषाणूस स्वतःचा संसार नाहीं. तो केवळ आवरणांत गुंडाळलेला सूचनांचा पुडका; दुसऱ्याच्या पेशींत शिरून तिच्याकडूनच आपल्या प्रती काढून घेतो. म्हणूनच १९८३ सालीं अमेरिकेंत फ्रेड कोहेन या विद्यार्थ्यानें दुसऱ्या आज्ञावलींत शिरून वाढणारी आज्ञावली लिहिली, तेव्हां त्याचे गुरु लेनर्ड ॲडलमन यांनीं तिला विषाणु हेंच नांव सुचविलें.

२ नोव्हेंबर १९८८ रोजीं रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेली एक आज्ञावली तारांच्या जाळ्यांतून आपण होऊन पसरली, आणि अंदाजें सहा हजार संगणक तिनें जर्जर केले. तज्ज्ञांनीं काय केलें? बाधित यंत्रें जाळ्यापासून तोडलीं, त्या आज्ञावलीची एक प्रत पकडून ती उलगडून वाचली, आणि टपालाच्या आज्ञावलींतील छिद्र व सहज ओळखतां येणारे सांकेतिक शब्द हीं तिचीं प्रवेशद्वारें आहेत, असें ठरवून तीं बंद केलीं. आपल्या पुण्यांतही गणनयंत्रें दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधु संजय यांनीं १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ ही विषाणुनाशक आज्ञावली बाजारांत आणली. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीस दोषाचें मूळ शोधण्याची संवय असते, ती येथें कामास आली.

ही संवय मला मात्र नव्हती, हें कबूल केलें पाहिजे. मी शिकवीत होतों त्या शाळेंत एके सकाळीं बाराही संगणकांचें जाळें ठप्प झालें. आदल्या दिवशीं एका मुलानें घरून पेन ड्राइव्ह आणला होता. “तूंच विषाणु आणलास,” असें म्हणून मीं त्यास वर्गासमोर फार बोललों. दोन दिवसांनीं दुरुस्तीवाला आला. त्यानें कोणास कांहीं विचारलें नाहीं. मधल्या पेटीच्या तारा एकेक करून काढल्या, आणि एक तार निघतांच जाळें पूर्ववत् चालूं लागलें. साफसफाईच्या वेळीं त्या तारेचीं दोन्ही टोकें त्याच पेटींत खोंवलीं गेलीं होतीं, आणि निरोप आंतल्या आंत गरगर फिरत राहिले होते. विषाणु नव्हताच.

मीं त्या मुलाची वर्गासमोरच क्षमा मागितली. घरांतील यंत्र बिघडलें, कीं प्रथम तें जाळ्यापासून वेगळें करावें, एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी, आणि दोष कोठून शिरला हें कळेपर्यंत कोणाचें नांव घेऊं नये. हाफकिन यांस न्याय मिळावयास जवळजवळ पांच वर्षें लागलीं, त्या मुलास दोन दिवस. पण ते दोन दिवस तो खालीं मान घालून बसला होता, हें मी विसरलों नाहीं.