चिलिका : मीठ, मासळी आणि पाहुणे पक्षी

पुरीस जगन्नाथाच्या दर्शनाला येणारी मराठी मंडळी हल्ली परतीचा एक दिवस चिलिका सरोवरासाठी राखून ठेवतात. सातपाड्याच्या धक्क्यावर डॉल्फिन पाहण्यासाठी ताटकळत उभ्या असलेल्या प्रवाशांत अस्सल वऱ्हाडी वा कोल्हापुरी बोली कानी पडली नाही, असा हिवाळ्यातील दिवस विरळाच. मात्र ज्या खाडीतून आपली नाव जाणार आहे, त्या खाडीवर एकेकाळी नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, हे त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या शालेय इतिहासात ओडिशाचा उल्लेख 'कटक' या एका शब्दाने होतो, तोही बहुधा अटकेशी यमक जुळवण्यापुरता.

कामानिमित्त या प्रांतात माझे येणेजाणे बरेच होते. प्रशासनाचा विद्यार्थी म्हणून मला चिलिकेइतके बोलके उदाहरण देशात दुसरे सापडलेले नाही. एकाच पाण्यावर मीठ, मासळी, झिंगा आणि आता पर्यटन अशा चार अर्थव्यवस्था एकामागून एक उभ्या राहिल्या आणि प्रत्येक वेळी राज्यकर्त्यासमोर एकच प्रश्न आला : या पाण्यावर हक्क कोणाचा?

आधी सरोवराविषयी थोडेसे. चिलिका हे खाऱ्या व गोड्या पाण्याच्या संगमाचे, आशियातील मोठ्या खाजणसरोवरांपैकी एक. पुरी, खुर्दा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांत ते पसरलेले आहे. उन्हाळ्यात त्याचे क्षेत्र सुमारे ९०० चौरस किलोमीटर असते, तर पावसाळ्यात ते ११०० च्या वर जाते. उत्तरेकडून महानदीच्या दया, भार्गवी आदी शाखा गोडे पाणी व गाळ आणतात, आणि पूर्वेकडे वाळूच्या अरुंद पट्टीतील मुखांतून समुद्र आत येतो. या दोहोंचा तोल सांभाळला की मासळी आहे, पक्षी आहेत, माणसे आहेत.

१७५१ च्या तहानंतर ओडिशा भोसल्यांच्या ताब्यात आला आणि पुढे शिवभट साठे यांच्यासारखे सुभेदार कटकेहून कारभार पाहू लागले. त्या काळी दक्षिणेकडून, म्हणजे इंग्रजांच्या गंजामकडून, पुरीकडे येणारी वाट समुद्र आणि सरोवर यांमधल्या वाळूच्या पट्टीवरून जात असे. वाटेत सरोवराचे मुख ओलांडावे लागे. बंगाल आणि मद्रास हे दोन इलाखे जमिनीने जोडायचे, तर हा टापू हाती हवा, हे कंपनी सरकारने केव्हाच हेरले होते. सप्टेंबर १८०३ मध्ये कर्नल हारकोर्टचे सैन्य गंजामहून निघाले, माणिकपाटण्याशी पाणी ओलांडून काही दिवसांतच पुरीत शिरले आणि ऑक्टोबरात कटकेचा बाराबाटी किल्ला पडला. त्याच वर्षी १७ डिसेंबर रोजी देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी कटक प्रांत सोडून दिला. या मोहिमेत मालुदच्या फत्ते महंमदाने इंग्रजांना साहाय्य केले आणि त्याबद्दल त्याला जहागीर मिळाली. मोठमोठ्या लढायांच्या वर्णनात असा पाण्याची वाट जाणणारा माणूस हरवून जातो, पण प्रांत हस्तांतरित होतात ते पुष्कळदा त्याच्यामुळे.

इंग्रजांनी येताच दोन गोष्टींना हात घातला, मीठ आणि चलन. चिलिकेच्या काठी सूर्यतापाने पिकवलेले 'करकच' मीठ तयार होई. किनाऱ्यावर अन्यत्र खारे पाणी उकळून 'पांगा' मीठ काढत. कंपनीने मिठाची मक्तेदारी आपल्याकडे घेतली. ज्याच्या दारात मीठ पिकते, त्यालाच ते चढ्या दराने विकत घ्यावे लागू लागले. दुसरीकडे, मराठी अमदानीत ओडिशात कवड्यांचे चलन सर्रास चालत असे. कंपनीने महसूल चांदीच्या रुपयांत मागितला. कवडीचा भाव घसरला आणि शेतकऱ्यावरील सारा कागदावर न वाढताही प्रत्यक्षात वाढला. अर्थशास्त्राच्या वर्गात चलनबदलाचा महसुली भार शिकवताना आम्हाला कुठल्या कुठल्या देशांचे दाखले देत. हा घरचा दाखला कोणी दिला नाही. १८१७ साली खुर्द्याच्या पाइकांनी बक्षी जगबंधूंच्या नेतृत्वाखाली उठाव केला. त्याच्या कारणांत जमिनी गेल्याचा संताप होता, तसेच मीठ आणि कवडी हेही होते. (मराठी अंमल सुखाचा होता असे यातून कोणी समजू नये. ओडिया लोकस्मृतीत 'बर्गी' हा शब्द आजही कौतुकाने उच्चारला जात नाही.)

मिठाचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मावळला, मासेमारी उरली. चिलिकेतील मासेमारी म्हणजे कोणीही यावे आणि जाळे टाकावे, असा प्रकार कधीच नव्हता. केउट, कंडरा, तिअर, आंध्रातून आलेले नोलिया अशा जातींनी कोणते जाळे, कोणत्या हंगामात आणि सरोवराच्या कोणत्या भागात वापरायचे, याचे रिवाज पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामायिक संपत्तीच्या ऱ्हासाविषयी जो गाजलेला निबंध लिहिला, त्यात गृहीत धरलेली 'कोणाचीच नसलेली' मालमत्ता ही नव्हे. उलट, ज्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यांनी वर्णिलेल्या लोकनियंत्रित सामायिकतेचा हा नमुना होता. जमीनदारी गेल्यावर शासनाने हीच चौकट सहकारी संस्थांच्या रूपाने पुढे चालवली : शासन जलक्षेत्रे भाडेपट्ट्याने देई आणि गावोगावच्या मच्छीमार संस्था ती कसत.

ही घडी विसकटली झिंग्याने. ऐंशीच्या दशकात जपान, युरोप व अमेरिकेच्या बाजारात कोळंबीला मागणी वाढली. १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा निर्यातदाराच्या हाती येणारे रुपये आणखी वाढले. ज्यांनी जन्मात जाळे हाती धरले नव्हते, असे लोक बांबू व बारीक जाळ्यांची कुंपणे घालून सरोवराचे तुकडे अडवू लागले. यांना 'घेरी' म्हणतात. घेरीमुळे पाणी वाहते राहत नाही, गाळ साचतो, माशांच्या पिलांची वाट अडते, आणि मुख्य म्हणजे सामायिक पाण्याला खाजगी कुंपण पडते. १९९१ च्या शासकीय धोरणाने मत्स्यसंवर्धनाचे दार बिगर-मच्छीमारांना उघडून दिले. टाटा उद्योगसमूहाच्या सहभागाने मोठा कोळंबी प्रकल्प योजला होता. त्याविरुद्ध 'चिलिका बचाओ' आंदोलन उभे राहिले आणि तो प्रकल्प बारगळला. ११ डिसेंबर १९९६ रोजी एस. जगन्नाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चिलिका व पुलिकत सरोवरांपासून हजार मीटरच्या आत असा व्यवसाय करण्यास मनाई केली.

निकाल लागला, घेऱ्या तशाच राहिल्या. मे १९९९ मध्ये मच्छीमारांनी स्वतःच त्या उपटण्यास सुरुवात केली. २९ मे रोजी सोराना गावी पोलिसांच्या गोळीबारात चार जणांचा मृत्यू झाला. डॉल्फिन पाहून आनंदाने परतणाऱ्या पर्यटकाला ही तारीख कोणी सांगत नाही. न्यायालयाचा निर्णय आणि त्याची अंमलबजावणी यांच्यामध्ये जी अडीच वर्षे गेली, त्यांचा हिशेब आम्हा प्रशासकांच्या खाती मांडला पाहिजे, असे मला वाटते.

याच सुमारास सरोवर निसर्गतःही खंगत चालले होते. १९८१ साली रामसर यादीत समाविष्ट झालेल्या भारतातील पहिल्या दोन पाणथळींपैकी चिलिका ही एक, दुसरी भरतपूरची. पण मुखाकडे जाणारा लांबलचक प्रवाह गाळाने भरला, खारेपणा उतरला, गोड्या पाण्यातले तण माजले आणि १९९३ मध्ये चिलिकेचे नाव संकटग्रस्त पाणथळींच्या 'माँत्रो' नोंदवहीत गेले. तत्पूर्वीच स्थापन झालेल्या चिलिका विकास प्राधिकरणाने उपायाचा शोध घेतला. यात मराठी वाचकाला आवडेल असा एक धागा आहे. नवे मुख कोठे उघडावे, यासाठीचा प्रतिमानाधारित अभ्यास झाला तो पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात. २३ सप्टेंबर २००० रोजी सिपाकुदा येथे वाळूची पट्टी कापून नवे मुख उघडण्यात आले. समुद्राकडे जाण्याची वाट सुमारे १८ किलोमीटरने कमी झाली.

परिणाम इतक्या वेगाने दिसला की आकड्यांवर विश्वास बसू नये. १९९९-२००० मध्ये मासळी, कोळंबी व खेकड्यांचे एकूण उत्पादन जेमतेम पावणेदोन हजार टन होते. २००१-०२ मध्ये ते बारा हजार टनांच्या घरात गेले. २००२ मध्ये चिलिकेचे नाव संकटग्रस्त नोंदवहीतून निघाले आणि त्याच वर्षीचा रामसर पुरस्कारही प्राधिकरणास मिळाला. वन, जलसंपदा, मत्स्यव्यवसाय व महसूल या खात्यांना एका टेबलाभोवती बसवणे हे समुद्राला वाट करून देण्याहून सोपे नसते. मुख्यमंत्री अध्यक्ष असलेल्या प्राधिकरणामुळे ते साधले. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवावीशी वाटते. नव्या मुखाने मासळी आणली. ती कोणाच्या जाळ्यात जावी, हे त्याने ठरवले नाही. घेऱ्या पुढेही उभ्या राहिल्या आणि त्या हटवण्याच्या मोहिमा पुन्हा पुन्हा काढाव्या लागल्या.

आता पर्यटनाकडे वळतो. सातपाड्याला मी गेलो तेव्हा नावा क्रमांकाने सुटत होत्या. ज्याचा नंबर, त्याची नाव. गिऱ्हाइकाने भाव करायचा नाही, नाववाल्याने गिऱ्हाईक ओढायचे नाही. माझ्या सोबतचे एक तरुण अधिकारी म्हणाले, "साहेब, स्पर्धा नाही, म्हणून नावा जुनाट आहेत." म्हणणे खोटे नव्हते. पण हंगाम मोजून चार महिन्यांचा आणि घरे शेकडो. तेव्हा काम वाटून घेण्याची ही पद्धत मला जाळ्यांच्या जुन्या रिवाजांचीच पुढची आवृत्ती वाटली. आमचा नाविक पन्नाशीचा, मच्छीमार घरातला. बाह्य खाडीत इरावती डॉल्फिनचा बोथट, चोच नसलेला माथा दिसताच त्याने इंजिन बंद केले. शेजारच्या नावेने मात्र ते बंद न करता डॉल्फिनचा पाठलाग चालवला. लांब दांड्याच्या इंजिनाचा पंखा या प्राण्याला जखमी करू शकतो. सबंध सरोवरात त्यांची संख्या दीडशेच्या आसपास आहे. आमच्या नाविकाने शेजाऱ्याला ओडियात जे सुनावले, ते मला पुरते कळले नाही, पण त्याचा सूर कुठल्याही भाषेत कळावा असा होता.

उत्तर किनाऱ्यावरील मंगळाजोडीची सफर याहून निराळी. तेथे इंजिन नाही. बांबूने रेटत नाव देवनळाच्या दाटीतून सरकते. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, शेकाट्या आणि जांभळ्या पाणकोंबड्या इतक्या जवळून दिसतात की दुर्बीण गळ्यातच राहते. हिवाळ्यात चिलिकेवर उतरणाऱ्या पक्ष्यांची संख्या अलीकडच्या गणनांत दहा लाखांच्या वर गेली आहे आणि त्यांतला मोठा वाटा या दलदलीचा. हे गाव पूर्वी पक्ष्यांच्या शिकारीसाठी कुप्रसिद्ध होते. बाजारात मांस जाई आणि पक्षी काही हजारांवर आले होते. २००० च्या सुमारास गावातच पक्षीरक्षण समिती उभी राहिली, शिकाऱ्यांनी हत्यारे खाली ठेवली आणि तेच राखणदार व वाटाडे झाले. २०१८ मध्ये जागतिक पर्यटन संघटनेच्या पुरस्कारांतही त्यांच्या उपक्रमाची दखल घेतली गेली.

माझ्या वाटाड्याला पक्ष्यांची इंग्रजी नावे मुखोद्गत होती, पण त्याचे खरे ज्ञान नावांत नव्हते. कोणता थवा कोणत्या वाऱ्याला उठतो, कोणता पक्षी माणूस किती जवळ आल्यावर उडतो, हे त्याला शिकारीने शिकवले होते. त्याला मी विचारले, पर्यटक येतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मग उरलेले आठ महिने? "मासे," तो म्हणाला. आणि मासे कमी पडले तर? त्याने बांबू चिखलात रोवून नाव थांबवली व म्हणाला, धाकटा भाऊ सुरतेला यंत्रमागावर आहे. चिलिकेकाठच्या गावांतून सुरत, बंगळूर, चेन्नई येथे जाणाऱ्या तरुणांची रांग मी रेल्वे स्थानकांवर पाहिली आहे. पक्षी हिवाळ्यात येतात, त्यांची मोजदाद होते आणि आकडा वर्तमानपत्रांत छापून येतो. या मुलांची मोजदाद कोणत्या खात्याने करायची, हे अद्याप ठरलेले नाही.

समुद्र मात्र कोणाच्या आदेशाची वाट पाहत नाही. २००० साली माणसाने कापलेल्या मुखानंतर २००८ मध्ये गबकुंडाजवळ समुद्राने आपणहून दुसरे मुख फोडले, आणि २०१३ च्या फायलिन व २०१९ च्या फनी वादळांनी या पट्टीची पुन्हा उलथापालथ केली. खारेपणाचे मोजमाप सरोवरात ठिकठिकाणी सतत चालू असते. येत्या जानेवारीतही पक्षीगणनेची पथके पहाटे निघतील. त्यांना पाण्यावर नेणाऱ्या नावा मच्छीमारांच्याच असतील.